झडतीवाली

"कापड काढू नकोस. आधी दार लाव," आई म्हणाली.

मी दार लावून कडी घातली. भिंतीला टेकवलेलं चित्र माणसाहून उंच होतं, वर चादर. माझ्या भावानं, बूशाइबनं, ते कासाब्लांकात रंगवून टेम्पोत घालून आणलं होतं. उद्या आमच्या सफीच्या नगरपालिकेत ते लागणार होतं.

मला त्याचा संशय केव्हापासूनच येत होता. ईदलासुद्धा न फिरकणारा माणूस एकाएकी दर महिन्याला येऊन आईचं डोकं चुंबायला लागला, तर मनात पाल चुकचुकणारच. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना चहा पाजून विचारायचा, कारखान्यात जाताना रुमाल कुठल्या रंगाचा बांधायचात? भोंगा झाला की कुठल्या वाटेनं पळायचात? त्या खुशीत सांगायच्या आणि मागाहून मला गाठायच्या, "हनिया, तुझा भाऊ सरकारचा माणूस आहे का गं?"

बूशाइबनं चादर ओढली.

तारल्या डब्यात भरायच्या कारखान्याचं फाटक. पाळी सुटलेली, बायकांची रांग लागलेली. पिवळ्या रुमालाची एक हात वर करून उभी होती. तिच्या कमरेवर हात ठेवलेली बाई म्हणजे आमची आई.

आईनं स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली. "मेल्या, डबे भरताना नाही काढता आलं मला?"

"तू डबे भरत नव्हतीस, यम्मा. मी फाटकावर तुझी भाकरी घेऊन यायचो. बघत बसायचो."

खोटं नव्हतं ते. आई फाटकावर बायकांची झडती घ्यायची, कुणी तारल्या लपवून नेतंय का बघायला. त्या पगारावर आम्ही वाढलो आणि त्यापायीच गल्लीनं आम्हाला कुठल्या लग्नाला बोलावलं नाही. कारखाना बंद पडला, बायका म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा कुठे दुपारच्या चहाला आईसाठी चटईवर जागा व्हायला लागली. ती जागा हा उद्या घालवणार होता.

"नाव होणार तुझं, आणि थुंकतील तिच्या तोंडावर," मी म्हणाले.

"ताई, नीट बघ तरी."

तेवढ्यात दार वाजलं. "दिवसाढवळ्या कड्या कसल्या घालता गं?" शेजारची इज्जा. उघडलं नसतं तर तिनं गल्ली गोळा केली असती. मी तिला आत घेतलं आणि पुन्हा कडी घातली. आई चादर घेऊन धावली, पण इज्जा आत येऊन चित्रासमोर उभीसुद्धा राहिली होती.

"ही पिवळ्या रुमालाची मी ना रे?"

बूशाइबनं मान हलवली. इज्जा जवळ गेली. चित्रातल्या तिच्या कमरेशी जरासा फुगवटा होता आणि आईचा हात नेमका त्या फुगवट्यावर होता. आई मात्र बघत होती समुद्राकडे. मला ते तेव्हा दिसलं.

"तामो," इज्जा आईकडे वळली, "तुला कळायचं?"

आई चादरीची घडी घालायला लागली.

"आम्ही तुला आंधळी म्हणायचो गं. तारल्या कमरेला बांधून तुझ्यासमोरनं जायचो आणि कोपऱ्यावर जाऊन हसायचो."

"ऐकू यायचं मला," आई म्हणाली. "ओल्या तारल्या हाताला लागत नाहीत होय? तुझी पोरं तेव्हा लहान होती."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"कुणाला बोलू? एकीला सांगितलं की गावभर. मालकाला कळलं असतं तर?" मग तिनं आवाज आणखी उतरवला. "अजून त्याचे मुलगे आहेत म्हणतात."

मला हसू येत होतं आणि रडूही. जन्मभर गल्लीच्या शिव्या खाल्ल्या बाईनं, आणि आम्हा पोरांनाही त्यातलं अक्षर कळू दिलं नाही.

"यम्मा," बूशाइब म्हणाला, "उद्या लावू ना?"

"मला काय विचारतोस? चोर ती आहे."

"लाव रे," इज्जा म्हणाली. "पण कंबर एवढी जाड नव्हती हो माझी." डोळे पुसून ती आईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले. दुखरा उजवा खांद्याच्या वर जाईना. "घे झडती. बघ, आज काय नेतेय."

आईचे हात आपसूक पुढे झाले. काखेपासून खाली आले आणि कमरेपाशी थांबले. तिची नजर दाराकडे गेली.

"जा पुढे," ती हळूच म्हणाली.

मग तिनं मला कडी काढायला सांगितलं.