मुठीचं धान्य

चुलीवर काही चढवायच्या आधी जमुनाबाई रोज एक मूठ बाजूला काढायच्या आणि कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायच्या. ज्वारी असो, तांदूळ असो, तुरीची डाळ असो, ती मूठ प्रभूची. मडकं भरलं की चर्चमध्ये नेऊन ठेवायचं, हा सासूपासून चालत आलेला नेम.

बोंडअळीच्या साली मडकं चर्चपर्यंत गेलंच नाही. शेजारचा सहदेव गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या, खुशालरावांच्या कपाशीत फवारणी करता करता कोसळला. दवाखान्यातून जिवंत आला, पण डोळे गमावून. कपाशी किडीनं पोखरलेली, त्यामुळे वेचणी नाही आणि त्याच्या बायकोला, वच्छलाला मजुरीही नाही. दिवेलागणीला जमुनाबाई घरामागच्या कुडाच्या कुंपणावरून फडक्यात बांधलेलं धान्य तिच्या हाती देत. "कोनाले सांगू नोको," एवढंच बोलत. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असं बायबलचं वचनच आहे. आणि खरं म्हणजे भीतीही होती. किरिस्तावानं घास पुढे केला की गाव म्हणतं, आता बाटवणार.

तशात खुशालरावांच्या खळ्यावरून ज्वारीचं पोतं गेलं. त्यांची बायको कौशल्या वच्छलाच्या घरात शिरली आणि तिथला डबा आणून तिनं हापशीवर सगळ्यांसमोर उपडा केला.

"पाहा वो! ज्वारी, तांदूळ, डाळ, सारं एकात! एका घरचं नाई, चार घरी हात मारला इनं."

"चोरी नाई केली मी."

"मंग काय आभायातून पडलं?"

वच्छलानं एकदाच जमुनाबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शब्द दिला होता ना.

खुशालराव म्हणाले, "सांगत नसशीन तं उद्या झोपडं उठव. जागा माही हाय."

हापशीखाली जमुनाबाईंची घागर कधीच भरली होती. याच बायांचे ब्लाउज शिवून त्यांचं पोट चालायचं. त्यांनी घागर बाजूला सारली.

"ते धान्य माह्या घरचं हाय. मुठीमुठीनं जमवलेलं, म्हनून सारं एकात."

"तुमी देल्लं? काहून?" कौशल्या हसली. "तरीच! नवरा आंधया झाला, आता बायको बाटवता काय?"

"मी येशूची हाय, म्हनून देतो. तिनं काई व्हावं म्हनून नाई." आवाज नेहमीसारखा हळूच होता, पण ऐकू सगळ्यांना गेला. "माहं चुकलं ते एवढंच. लपून देल्लं, म्हनून हे तुमाले चोर दिसली."

झोपडं राहिलं. पोतं कुठे गेलं ते कळलं नाही, आणि वच्छलाची माफीही कोणी मागितली नाही. संध्याकाळपर्यंत बाया एकेक करून आपापलं कापड परत घेऊन गेल्या. मशीन झाकून जमुनाबाई गुडघ्यांवर बसल्या, पण प्रार्थनेला शब्द सुचेनात.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी अर्धंमुर्धं भरलेलं मडकं डोक्यावर घेतलं आणि मधल्या गल्लीनं वळसा घेऊन निघाल्या. दारं लागत गेली. कोणीतरी मागून थुंकलं. वच्छलाच्या उंबऱ्याशी त्यांनी हाक दिली.

आतून सहदेवचा आवाज आला, "कोन हाय वं?"

"जमुनाबाई," वच्छला म्हणाली.

"मांगच्या कुडापाशी?"

"नाई. समोरच्या दारात."

सहदेव चाचपडत खाटेवरून उठला, आणि पाहुणीसमोर जायला खुंटीवरचा सदरा शोधू लागला.