तिसरा पट्टा

“आधीच सांगतो आई, एकही वस्तू टाकलेली नाही. शप्पथ!” दारातच लेकाने दोन्ही हात वर केले.

मीटरबाई उंबऱ्यातच थांबल्या. शप्पथ घेऊन सुरू होणाऱ्या बातम्या कशा असतात, हे सत्तरी गाठलेल्या बाईला सांगावं लागत नाही. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून, चार दिवस लेकीकडे राहून त्या घरी परतल्या होत्या. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि तडक आपल्या खोलीत गेल्या.

खोलीला नवा रंग लागला होता. कपाटालाही. त्याचे शहाण्णव छोटे खण पुसून लख्ख केले होते आणि सगळे रिकामे होते. खिडकीखाली एक लाल बादली काठोकाठ भरून ठेवलेली होती. जुन्या रेडिओंचे रेझिस्टन्स, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, कापसातून निघालेले काचेचे व्हॉल्व्ह, सगळं एकावर एक.

“रंगाचे शिंतोडे उडतील म्हणून काढलं,” लेक म्हणाला. “सगळं आहे बघ त्यात.”

“मी सांगत होते ह्यांना,” सूनबाई मागून हळूच म्हणाल्या.

मीटरबाई बादलीकडे बघत राहिल्या. असा ढीग त्यांनी आयुष्यात एकदा पाहिला होता. रेडिओच्या कारखान्यात त्या एकोणीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या. रेझिस्टन्स म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा. त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून तो वीज किती ओम अडवतो ते वाचायचं. बाकीच्या बायका मीटर लावायच्या, ह्या नुसत्या बघून सांगायच्या. “मीटर बिघडला तरी चालेल, ही बाई बिघडता कामा नये,” असं साहेब म्हणायचे. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. कारखाना बंद झाला त्या दिवशी त्याच साहेबांनी तपासून, निवडून ठेवलेला सगळा माल एका ढिगात ओतायला लावला. भंगारात जायचंय, निवडून काय करायचंय? चाळीस बायका मुकाट उभ्या होत्या. मीटरबाईही. ते मुकाट राहणं त्यांना पुढे जन्मभर टोचलं. भंगारवाल्याच्या गोदामात महिनाभर बसून त्यांनी जमेल तेवढं वेचून आणलं आणि एकतीस वर्षं खणाखणांत लावत आल्या. जुने रेडिओ दुरुस्त करणारे कुठून कुठून फोन करायचे आणि जे कुठेच मिळत नाही ते ह्यांच्याकडून पाठवलं जायचं.

ह्या वेळी मुकाट राहायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

लेकाचं औषधांचं दुकान घराच्याच पुढच्या बाजूला होतं. मीटरबाई आतल्या दाराने दुकानात शिरल्या, हजार-हजार गोळ्यांचे दोन डबे काउंटरवर घेतले आणि दोन्हींची झाकणं उघडली. मागोमाग लेक धावत आला. औषध घ्यायला आलेले एक काका चिठ्ठी हातात धरून बघत राहिले.

“ह्या रक्तदाबाच्या, ह्या साखरेच्या,” मीटरबाई म्हणाल्या. “दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. एका बादलीत ओतते. एकही टाकणार नाही. शप्पथ.”

“आई! वेड लागलंय का? माणसं मरतील!”

“एकही गोळी कमी होणार नाही की.”

“अगं, पण कुठली कुठली ते कळणार कसं?”

मीटरबाईंनी दोन्ही डबे त्याच्यापुढे सरकवले. लेकाचा हात डब्यावर तसाच राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“मी संध्याकाळी बसून लावून देतो,” तो पुटपुटला.

“तुला कांदा नि लसूण वेगळा करता आला तरी पुष्कळ झालं. मी लावेन.”

“डॉक्टरांनी महिनाभर मान खाली घालू नका म्हणून सांगितलंय,” सूनबाईंनी आठवण करून दिली.

“मी कुठे घालतेय? ते वरचं फळकूट रिकामं कर. उभी राहून करते.”

आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीजवळ, मान ताठ ठेवून, छातीइतक्या उंच फळीवर ताटली ठेवून उभ्या राहू लागल्या. सूनबाई वाटीवाटीने बादलीतला माल वर द्यायच्या, वेळेवर डोळ्यांत थेंब घालायच्या. लेक दारातून डोकावायचा. त्याच्याशी बोलणं बंद होतं. जेवायला वाढलं जात होतं, तेवढंच त्याचं नशीब.

चौथ्या दिवशी वाटीतून एक कागदाची पट्टी आली. पाठवायला तयार असलेले दहा-दहा नग मीटरबाई अशा पट्टीवर चिकटवून ठेवायच्या. ह्या पट्टीवर त्यांच्याच अक्षरात ‘दहा लाख ओम’ लिहिलं होतं आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. तपकिरी, काळा आणि तिसरा पट्टा हिरवा असेल तर दहा लाख. पण तिसरा पट्टा हिरवा नव्हता. स्वच्छ निळा होता. निळा म्हणजे एक कोटी, सरळ दहापट.

त्यांनी उजवा डोळा झाकला. डाव्याचा मोतीबिंदू अजून काढायचा होता. त्याला पट्टा हिरवा दिसला. डावा झाकला. निळा.

टेबलाच्या खणातून त्यांनी मीटर काढला. वर्षानुवर्षं त्याला हात लावला नव्हता, लावणं कमीपणाचं वाटायचं. काटा सरकला आणि एक कोटीवर थांबला. दहाच्या दहा नगांना तेच.

आणि मग ज्याला ह्याच मालातले नग पाठवले होते, तो रेडिओ मेकॅनिक आठवला. “मावशी, तुमचे नग घातल्यापासून रेडिओ नुसता गुणगुणतोय,” असं म्हणाला होता बिचारा. आणि ह्यांनी त्याला उभा-आडवा झापला होता. “माझ्या मालात चूक नसते. सोल्डरचा डाख कच्चा असेल तुमचा!” त्यानंतर त्याचा फोन आला नव्हता.

आता ही पट्टी बादलीत सोडून दिली असती तर कुणाला कळलं असतं? बादली होती, बादलीत ओतणारा लेक होता, दोष ढकलायला आयती जागा होती. मीटरबाईंना स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटल्याचा संतापही आला. त्यांनी फोन उचलला.

“मेकॅनिक, दोन वर्षांपूर्वी पाठवलेले दहा लाखाचे नग आठवतात? ते चुकीचे होते. चूक माझी.”

मेकॅनिक हळू आवाजात बोलू लागला. “मावशी, मी तो रेडिओ तसाच परत दिला हो. तेव्हापासून जुनी कामं घेतच नाही. म्हटलं, आपला हात गेला.”

मीटरबाईंनी पट्टी फळीवर बाजूला ठेवली. “हात नाही गेला तुमचा. माझा डोळा गेला होता. परत मागवा तो रेडिओ. नग मी पाठवते.” मग लगेच म्हणाल्या, “पण डाख कच्चाच असतो तुमचा, तो शब्द काही मी मागे घेत नाही.”

मेकॅनिक हसला. मीटरबाईंनी त्याचा पत्ता लिहून घेतला आणि फोन ठेवून दिला.

लेक दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. “म्हणजे आई, तसंही सगळं पुन्हा तपासावंच लागलं असतं. मग मी ओतलं ते एका परीनं बरंच...”

“पुढचा शब्द काढू नकोस,” मीटरबाई म्हणाल्या. “माझ्या चुका खणात होत्या. खण उघडून मी त्या काढल्या असत्या. तू मला खणच ठेवले नाहीस. ते चुकलं ते चुकलंच, आणि माझं चुकलं ते माझं.”

लेकाने मान खाली घातली. मग तो आत आला, बादलीतून वाटी भरली आणि फळीवर ठेवली. ह्या वेळी मीटरबाईंनी त्याला हाकललं नाही.

त्यांनी मीटरची टोकं हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात, मान ताठ ठेवून, एकेक नग मोजायला घेतला. दहा झाले तेव्हा ते नव्या पट्टीवर चिकटवले, आकडा लिहिला, तारीख लिहिली. त्याखाली एकतीस वर्षांत कधी न लिहिलेला शब्द लिहिला. ‘मोजून.’

मग अकरावा उचलला.