एकाच पिशवीतल्या

माझ्या ताईला खोटं बोलता येत नाही, असं मी जन्मभर छातीठोकपणे सांगत आले. घ्या आता!

आम्ही दोघी बहिणी हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला. ताई टबांवर, मी इस्त्रीच्या यंत्रावर. एक दिवस नर्सबाई तपासणीची पेटी घेऊन आल्या. आता म्हणे डॉक्टरपुढे टेबलावर आडवं व्हायला नको. बारीकसा ब्रश आपला आपणच आत फिरवायचा, आपलं नाव लिहिलेल्या नळीत घालून परत द्यायचा. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, तो आहे की नाही ते त्यातून कळतं. बायका एकमेकींना ढकलत खिदळत होत्या. "लाजताय काय? मुलं काय कुरिअरने आली?" म्हणत मीच आधी संडासात घुसले. कारण मला मधूनच, नको तेव्हा, रक्त दिसायचं. पोटात भीती होती, पण बोलले कुणाला नाही. बाहेर आले तर यंत्र खोळंबलेलं, मुकादम खेकसतोय. नळी ताईच्या हातात कोंबली आणि पळाले.

दोघींना मोबाईलवर निरोप आला, काही दोष नाही. माझा जीव भांड्यात पडला. नंतर रक्त दिसलं की म्हणायचे, वय झालं, पाळी जाताजाता छळतेय मेली. ताई एकदा-दोनदा म्हणाली, "दाखवून तरी ये." मी तिलाच झापलं, "टेस्टपेक्षा तुला जास्त कळतं का?"

दीड वर्षाने इस्त्रीच्या यंत्रापाशीच कोसळले. खालची पांढरी चादर लाल झालेली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलणं सरळ. "टेस्ट चांगली आली तरी रक्त जात असेल तर यायचंच असतं," त्या म्हणाल्या.

"हे आम्हाला कुणी सांगितलं होतं?" मी फाडकन विचारलं. आजार पिशवीबाहेर पसरला होता, कापून उपयोग नव्हता. शेक द्यायचे, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत नवं इंजेक्शन, शरीराच्याच ताकदीला आजारावर सोडणारं. पूर्वी हे नव्हतं, आता बऱ्याच जणींना त्याने वेळ मिळतो, असं त्या म्हणाल्या.

"वेळ म्हणजे बरं होणं?" मी विचारलं. त्यांनी फक्त माझ्या हातावर हात ठेवला.

"आणि टेस्टमध्येच सापडलं असतं तर?" हे ताईने विचारलं.

"कदाचित लहानशा ऑपरेशनवर भागलं असतं. पण तुमची टेस्ट स्वच्छ होती ना. क्वचित चुकते."

ताई खुर्चीतच हमसाहमशी रडायला लागली. आणि मी मूर्ख, तिचीच पाठ थोपटत बसले.

घरी आल्यावर तिने मला अंथरुणावर निजवलं आणि दार लावलं. "टेस्ट चुकली नव्हती गं," ती म्हणाली. "तुझी नळी माझ्या हातून साबणाच्या टबात पडली. झाकण निघून गेलं, ब्रश कुठे गेला सापडेना. मग पेटीतला दुसरा घेतला आणि तुझ्या नळीतही माझंच भरून दिलं."

"मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"तू फाडून खाल्लं असतंस. मुकादमही तुझ्यावर उखडला होता, पुन्हा कशी बोलावणार तुला? मला वाटलं, एकाच पिशवीतून आलो आपण दोघी. तुझ्या आत माझ्यापेक्षा काय वेगळं असणार?"

तिला खरंच तसं वाटलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मला तिचा गळा दाबावासा वाटला. तिच्याशिवाय मला पाणी देणारंही कुणी नाही, हेही त्याच क्षणी कळत होतं. ती बोलत असतानाच माझ्या अंगाखालची चादर पुन्हा भिजली. तिने मला कुशीवर वळवलं, चादर ओढून काढली, दुसरी घातली.

"शिव्या दे गं, पण बोल काहीतरी."

"एकाच पिशवीतल्या ना आपण?" मी म्हटलं. "मग यातलं अर्धं तू घे."

ती चादर पोटाशी धरून तशीच उभी राहिली. मला 'जाऊ दे' म्हणवेना. शेवटी ती मोरीत गेली. बादली सरकल्याचा आवाज आला, मग गरम पाण्याचं पातेलं उचलल्याचा. जन्मभर टबांवर काढलेली बाई, पण आज तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"गरम घेऊ नकोस," मी पडल्या पडल्या ओरडले. "गारच घे. नाहीतर डाग कायमचा बसेल."