होळीसाठी तोडलेली तिवरं

चौऱ्याहत्तर साली आमची होळी वरच्या आळीच्या होळीपेक्षा उंच व्हावी म्हणून मी काल्हेरच्या खाडीतली, बांधापुढची खारफुटीची तिवरं तोडली. बांधाला लागून शेत असलेली पुतळाबाई धावत आली. "अरं तुळशा, लाटांचा मार ती तिवरं खातात, म्हणून बांध हाय!" मी सगळ्यांदेखत हसलो. "म्हातारे, होळीच्या लाकडाला कुणी न्हाय म्हणतं का?"

होळी उंच झाली. गाढवासारखा मी मिरवलो.

श्रावणातल्या उधाणाने बांध फोडला. पुतळाबाईच्या हिरव्या भातात खारं पाणी शिरलं. आता तीन वर्षं तिथे काही पिकणार नव्हतं.

गावच्या रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस फुटलेल्या बांधावर चिखल टाकायला आला. भिवंडीच्या लूमवरची शिफ्ट सोडूनही माणसं आली. मीही गेलो, मान खाली घालून. पुतळाबाई सगळ्यांना भाकरी वाटत होती. मला वगळलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझ्याही हातावर भाकरी ठेवली.

"तुळशा, पुढच्या होळीला लाकूड कमी पडलं तर माझ्या दारातला आंबा तोड," ती म्हणाली. "पण तिवरांना हात लावू नको, बाबा."