उलटा धरलेला पदर

मी पदर बोलतोय. सारजाबाईच्या जुन्या लुगड्याचा. लुगडं विरलं, त्याची गोधडी झाली, मी तेवढा बाजूला राहिलो. घाटनांदूरच्या माळामागं एक पाझर तलाव आहे. त्याच्या काठच्या बाभळीला वाळत घातलेलं जे फडकं दिसतं, तो मी.

सारजाबाई आणि तिचा म्हातारा बिभीषण तलावाशेजारीच राहतात, शेळ्या राखतात. नळ त्यांच्या वस्तीपर्यंत आलेला नाही. म्हणून रोज सकाळी बिभीषण मला चारपदरी करून घागरीच्या तोंडावर बांधायचा आणि सावकाश पाणी ओतायचा. घाई त्याच्या अंगातच नाही.

पाणी खाली जायचं आणि माझ्यात उरायचे ते बारके जीव. मोहरीहून लहान, टुणटुण उडणारे. पाणपिसवा. अंग काचेसारखं, पोटात काय आहे तेसुद्धा दिसायचं, आणि पोटात कायम हिरवं. पाण्यात जे हिरवं धरतं ना, तेच खाऊन त्या जगायच्या. कंबरभर पाण्यात उभं राहिलं तरी तेव्हा पायाची बोटं दिसायची, ती त्यांच्यामुळं. हे मला ठाऊक होतं. पण पदराला कोण विचारतं?

घागर भरली की बिभीषण मला उलटा करायचा, तलावात हलकेच हिसळायचा आणि म्हणायचा, "जा बाबांनो घरी."

सारजाबाई चुलीपाशून हाक मारायची, "पावण्यांला वाटं लावलं का? च्या निवला."

इतकी वर्षं त्यानं एकही पिसू काठावर मरू दिली नाही.

मग एका साली तापाची साथ आली. गावची आशाताई बबिता बरणीत चार-सहा गप्पी मासे घेऊन आली आणि शेळ्यांच्या हौदात सोडून गेली. जाताना म्हणाली, "मामा, डासाच्या अळ्या खातेत ह्ये. पर हौदातच ठिवा. तळ्यात न्हाई सोडायचे."

"न्हाई सोडत," बिभीषण म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात हौदाला चीर पडली. बुजवायची तर हौद रिता करावा लागणार. पाणी तळाला गेलं आणि बघतो तर काय, चार-सहाचे शेकडो झालेले. बोटाच्या पेराएवढे मासे चिखलात तडफडत होते.

सारजाबाई म्हणाली, "बबिता काय म्हणली हुती, ध्यानात हाय ना?"

"हाय. म्हणून काय जित्ते जीव उनात मारू? एवढं मोठं तळं, न् ही एवढीशी मासळी. काय बिघडंल?"

त्यानं मला हौदात बुडवलं. मी ओंजळ-ओंजळ मासे उचलले, त्यानं मला नेऊन तलावात उलटा केला, आणि म्हणाला, "जा बाबांनो घरी."

मीच नेले ते. माझ्याच पोटातून.

पुढं माझ्यात पिसवा कमी उरू लागल्या. आज वीस, मग बारा, मग चार. मला रोज दिसत होतं, सांगता येत नव्हतं. ह्या उन्हाळ्यात एका सकाळी बिभीषणानं मला उलटा करायला हात उचलला आणि तसाच थांबला. मला उन्हाकडं धरलं. जवळ घेऊन पाहिलं. माझ्यावर नुसता हिरवा गिळगिळीत थर, त्यात हलणारं काही नाही.

"सारजा, आज एक बी न्हाई."

"तुमास्नी दिसत नसंल आता."

तिनंही पाहिलं. मग बोटानं तो थर खरवडला.

आठवड्याभरात तलावावर हिरव्या रंगाची साय धरली. वास यायला लागला. चांदी नावाची गाभण शेळी ते पाणी प्याली, दुपारी पाय झाडून पडली, उठलीच नाही. अजून एकवीस शेळ्या होत्या, आणि पाऊस दीड महिना लांब.

पलीकडं सीताफळाची बाग आहे, ती वाहेद बागवानाची. तो म्हणाला, "मामा, माजी हीर हाय की. पाजा शेळ्या. इचारता कावून?"

त्या विहिरीचं पाणी बिभीषणानं सवयीनं माझ्यातून गाळलं. आणि माझ्यात टुणटुण सुरू झाली. पंधरा-वीस तरी असतील. म्हातारा हसला, कितीतरी दिवसांनी.

"वाहेद, ह्या नेऊ का तळ्यात? बी म्हणून?"

"पिसवा नेता? न्या की. इकायला थोड्याच ठिवल्यात."

लोट्यात पाणी, पाण्यात मी, माझ्यात पिसवा. अर्ध्या कोसाची वाट तो लोटा सांभाळत चालला. काठावर बसला, मला अलगद उलटा केला.

पाणी उकळावं तसं झालं. चहूकडून गप्पी धावून आले. दोन श्वास घेतले असतील नसतील, एक पिसू उरली नाही. बिभीषणाचा हात पाण्यावर तसाच राहिला. "जा बाबांनो घरी" हे त्याच्या तोंडातून अर्धंच निघालं होतं.

त्या दिवसापासून तो गुडघाभर पाण्यात उतरतो, मला तिरका धरतो आणि मासे उपसून काठावर टाकतो. ते तडफडायला लागले की तोंड फिरवतो.

सारजाबाई म्हणते, "तिकडं कावून बघता? सोडताना तर बघत हुता."

तो मला पुन्हा पाण्यात बुडवतो. उपसून संपायचे नाहीत, हे दोघांनाही कळलंय.

तुमच्या हौदात, काचेच्या पेटीत परके मासे असतील, आणि एखाद्या दिवशी त्यांची दया आली, तर तळ्याकडं जाऊ नका. आधी माझ्याकडं बघा.

मी आता जागोजाग विरलोय, फार दिवस टिकायचा नाही. पण अजूनही पाण्यावर माझी सावली पडली की ते मासे पळत नाहीत. उलट काठाशी गोळा होतात आणि तोंडं वर करून वाट बघतात, मी काही खायला आणलंय म्हणून.