मागून हाक मारलीत तर

मी एक फिरतं स्टूल बोलतोय. फिरतं म्हणायचं ते नावालाच, कारण कवळ्या बनवायच्या या वर्कशॉपात दहा वर्षं मी तसूभरही फिरलो नव्हतो. माझ्या स्क्रूमध्ये प्लास्टर जाऊन घट्ट बसलं होतं आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग ती आली, नवी कारागीर. मालकांनी मागून हाक मारली, तर नुसती मान न वळवता अख्खी उठून वळली. "शिष्टच दिसते!" मालक पुटपुटले. शिष्ट कसली! तिच्या मानेचे तीन मणके जन्मतःच एकमेकांना चिकटलेले. दुखत नाही, पण मान फिरत नाही.

पहिल्याच दिवशी तिने मला उलटं केलं, टोच्याने प्लास्टर खरवडलं आणि मशीनचं तेल सोडलं. मी कुरकुरत का होईना, फिरलो. काय सांगू, जिवात जीव आला! उजवीकडे बर्नरची ज्योत, डावीकडे मेण, मागे दातांचे ट्रे. पायाने जरासा रेटा दिला की आम्ही हव्या त्या बाजूला. मेणात दात बसवताना ती गुणगुणायची.

एकदा तिची आई डबा द्यायला आली आणि बोलता बोलता मणक्यांचं सांगून गेली. मालक भला माणूस, पण घाबरट. "गरागरा फिरून मानेला झटका बसला म्हणजे?" दुसऱ्याच दिवशी उंच पाठीची, जड खुर्ची हजर. माझी रवानगी अडगळीत.

तिथून मला सगळं दिसायचं. प्रत्येक ट्रेसाठी तिला उठावं लागे. काम निम्म्यावर आलं. चौथ्या दिवशी उठून वळताना तिची बाही ज्योतीला लागली, थोडक्यात निभावलं. मालक म्हणाले, "तू आपली पुढे बसून खोकी भर. हे काम तुझं नाही."

ती तडक अडगळीत आली आणि मला फरफटत टेबलापाशी घेऊन गेली.

"डॉक्टरांनी झटके नकोत म्हटलंय, फिरू नको असं नाही म्हटलं. माझी मान जन्मापासून जखडलेली आहे, काका. स्टुलाची तरी मोकळी ठेवा."

मालक ओशाळले. खुर्ची त्यांनी स्वतःच उचलून नेली.

याला बारा वर्षं झाली. माझं रेक्झिन फाटलंय, एक पाय लंगडतो, पण मी मजेत आहे. दर सोमवारी मालकच मला तेल घालतात, न सांगता. परवा त्यांनी स्वतःची कवळीही तिच्याकडूनच करून घेतली.

तुम्ही कधी इथे आलात आणि तिला मागून हाक मारलीत, तर क्षणभर थांबा. आम्ही वळतोय.