आठातले पाच लग

दादांच्या ड्रमला आठ लग हवे होते आणि होते पाच. लग म्हणजे ड्रमच्या लाकडी खोडाला बाहेरून बसवलेले धातूचे बोटभर ठोकळे. त्यांत बोल्ट पिळले की पान, म्हणजे वाजवायचा पडदा, ताणलं जातं. तीन लग नाहीत म्हणजे पान तीन जागी ढिलं, आणि ढिल्या पानाचा ड्रम म्हणजे नुसता डबा.

ही गोष्ट मिस्त्रींइतकी कुणाला ठाऊक असणार! जुने ड्रम दुरुस्त करण्यातच त्यांची हयात गेली होती. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. फक्त थोरले भाऊ, म्हणजे दादा, त्यांना एकसष्टाव्या वर्षीही छोट्या म्हणायचे. दादांनी तीस वर्षं डान्स हॉलच्या बँडमध्ये हाच स्नेअर ड्रम वाजवला होता. हॉल बंद पडला, सामान चार दिशांना गेलं, ड्रमही गेला. दोन वर्षांपूर्वी एका नाट्यगृहाचं गोदाम रिकामं होताना तो मिस्त्रींच्या हाती लागला. रंगाऱ्यांनी त्याचं स्टूल केलं होतं. आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेली दादांची सही मात्र जशीच्या तशी होती.

दादांना झटका येऊन तेव्हा महिनाच झाला होता. उजवा हात गेला होता, जीभ अर्धी जड झाली होती. मिस्त्रींनी ड्रम मांडीवर ठेवला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने तो चाचपला, लग नव्हते तिथल्या भोकांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "वा... वाजेल?"

"वाजेल म्हणजे? महिन्याभरात वाजवून दाखवतो!" मिस्त्री बोलून गेले.

तो महिना काही संपेना. ड्रम बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, आणि तिने बोल्टचे आटे असे काही काढले होते की दुसऱ्या कुणाचा लग त्याला चालत नव्हता. भोकांमधलं अंतरही जगावेगळं. खोडाला नवी भोकं पाडली असती तर काम तासाभराचं होतं. पण जुन्या खोडाला नवं भोक पाडणाऱ्याला मिस्त्री आयुष्यभर कसाई म्हणत आले होते. त्यांनी ओळखीपाळखीच्या सगळ्या दुकानदारांना फोन केले. शाळांच्या अडगळीच्या खोल्या उपसल्या. भंगारवाल्याकडे तर दर आठवड्याला फेरी ठरलेली. तो शेवटी म्हणाला, "मिस्त्री, तुमचे लग आणि माझ्या डोक्यावरचे केस एकाच ठिकाणी गेलेत. पत्ता लागला तर मलाही कळवा."

दर रविवारी मिस्त्री दादांकडे जात आणि खुर्ची ओढून शोधाची हकीकत सांगत. दादा ऐकत, मधूनच मान हलवत. वहिनी चहा ठेवून आत निघून जात.

दीड वर्षाने एका वाद्यविक्रेत्याने पत्ता दिला. बसने चार तासांच्या अंतरावर एक म्हातारे बँडमास्तर राहत होते. त्यांच्याकडे अगदी असाच ड्रम होता. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवलं आणि आपला ड्रम पिशवीत घालून बस पकडली.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत होते. अंगाने काटकुळे, ऐंशीच्या घरातले. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि मधोमध स्टँडवर ड्रम. तोच घाट, तोच काळपट लाल रंग. त्यांनी वाकून लग मोजले.

पाच.

"तुमचे किती?" मास्तरांनी विचारलं.

"पाचच."

दोघंही हसले, पण हसू लगेच विरलं. पाच आणि पाच दहा. एक ड्रम पुरा होऊन वर दोन उरत होते. हा हिशेब दोघांनाही एकाच क्षणी सुचला आणि दोघांनीही एकमेकांच्या पिशवीकडे, स्टँडकडे पाहिलं.

"तीन द्या मला," मिस्त्री म्हणाले. "माझ्या भावाचा आहे हा ड्रम. आजारी आहे तो. मी शब्द दिलाय त्याला."

"आणि मी काय करू? बाराव्या वर्षापासून वाजवतोय मी. अजून रोज दुपारी तासभर बसतो. असा ढिला आहे, आवाज नीट येत नाही, हात चुकतो, तरी बसतो." मग मास्तरांनी सरळ विचारलं, "तुमचा भाऊ वाजवणार आहे?"

"त्याचा उजवा हात..." एवढंच मिस्त्री म्हणाले.

"मग तुम्हीच सांगा, कुणी कुणाला द्यायचे?"

मास्तरांनी पुढे केलेल्या चहाला मिस्त्रींनी हातही लावला नाही. पिशवी उचलली आणि जिना उतरून आले. बसमध्ये चार तास ते मनातल्या मनात मास्तरांशी भांडत राहिले, आणि प्रत्येक वेळी हरले.

मग त्यांनी भरवसा नाही म्हणून आजवर टाळलेलं काम केलं. शाबूत लगाचा साचा काढून ओताऱ्याकडून तीन नवे लग ओतून आणले. ओतारी म्हणाला होता, "बाहेरून झकास आलेत. आत बुडबुडा राहिला असेल तर माझ्या हातात नाही." मिस्त्रींनी तासून, घासून, आटे पाडून ते बसवले. नवं पान चढवलं. एकेका बोल्टला अर्धा अर्धा पीळ देत समोरासमोर ताण वाढवत नेला. टकटक करून पाहिलं. आवाज चढत होता. आणखी एक पीळ दिला आणि ओतलेला एक लग फाडकन फुटला. ताण एका बाजूला गेला, पान दाबून धरणारी रिंग वाकडी झाली आणि पन्नास वर्षं वाळलेलं ते खोड जोडावर कडकडत उकललं. चीर थेट दादांच्या सहीतून गेली.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. नंतर उठले, तोंड धुतलं आणि रविवारची वाट न पाहता दादांकडे गेले.

दादा खिडकीशी खुर्चीत होते. मिस्त्रींनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. "दादा, मी तुझा ड्रम मोडला. वाजवून दाखवीन म्हणालो होतो. आता तो कधीच वाजायचा नाही."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ दोन-तीनदा हलले, मग शब्द आले. "बरं... झालं. नको. का... कान दुखतात."

मिस्त्रींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या.

"कुठलाच आवाज सोसत नाही त्यांना, भावोजी," त्या म्हणाल्या. "वर्ष होत आलं. भांडं पडलं तरी कळवळतात. रेडिओ मी कपाटात ठेवून दिलाय."

"वर्षभर? आणि मला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? दर रविवारी तुम्ही यायचा. इकडे गेलो, तिकडे गेलो सांगायचा. तेवढा वेळ हे तुमच्याकडे बघत बसायचे. एरवी कोण येतं आमच्याकडे? मला वाटलं, ते लग मिळूच नयेत."

मिस्त्रींनी रागवावं तर कुणावर? दादांनी डावा हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. थोड्या वेळाने ते बसल्या बसल्याच झोपी गेले.

त्या आठवड्यात मिस्त्रींनी उकललेल्या खोडावरून पाचही मूळ लग सोडवले, कागदात गुंडाळले आणि पुन्हा ती बस पकडली. पोस्टानेही पाठवता आले असते. पण मास्तरांना ते बसवता येतील याची खात्री नव्हती, आणि खरं सांगायचं तर दुकानात बसवतही नव्हतं.

मास्तरांनी पुडी उघडली आणि ते खाली बघतच राहिले. "भाऊ...?"

"आहे. त्याला नकोय." मिस्त्रींनी जास्त खुलासा केला नाही. त्यांनी हत्यारं काढली, तीन लग बसवले, दोन कागदात परत गुंडाळून खिडकीत ठेवले. नवं पान चढवून ताणलं. ड्रमच्या तळाशी असलेल्या तारा कसायचा खटका लावला. मग बोटाने एकच टिचकी मारली. तोच तो आवाज. कोरडा, स्वच्छ, धारदार. हॉलच्या मागच्या दाराशी उभं राहून मिस्त्री दादांचा ड्रम ऐकायचे, तेव्हा तो असाच यायचा. आता ह्या आवाजाचं करायचं काय?

"बसा," ते मास्तरांना म्हणाले.

मास्तरांनी शर्टाची बटणं नीट केली, काड्या उचलल्या आणि सुरुवात केली.

ड्रममध्ये काहीही खोट नव्हती. मास्तरांचा डावा हात मागे पडत होता. चार ठोक्यांत एक निसटत होता, काडी मधूनच रिंगवर आपटत होती. ढिल्या पानाच्या फदफदीत आजवर हे झाकलं गेलं होतं. आता एकेक चूक खोलीभर लख्ख ऐकू येत होती. मास्तर थांबले, पुन्हा पहिल्यापासून निघाले, पुन्हा तिथेच अडखळले. तिसऱ्यांदा त्यांनी काड्या मांडीवर ठेवल्या.

"इतकी वर्षं मी म्हणत होतो, लग नाहीत म्हणून हात चुकतोय," ते म्हणाले. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. त्या नजरेला काय हवं होतं ते मिस्त्रींना कळलं.

ते पुढे झाले. अगदी बरोबर ताणलेल्या एका बोल्टला त्यांनी पाना लावला, इकडे किंचित फिरवला, तितकाच परत फिरवला.

"पान नवं आहे," ते म्हणाले. "बसायला वेळ घेतं. तोवर हाताला विचित्रच वाटणार."

"किती दिवस?"

"आठ-दहा दिवस जातील."

"आठ-दहा दिवस," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की त्यांनीही मिस्त्रींचं मन राखलं, हे सांगणं कठीण होतं.

मिस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली आणि निरोप घेतला. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचतात न पोचतात तोच वर पुन्हा सुरुवात झाली. चार ठोक्यांत एक निसटत होता. मिस्त्री कठड्याला धरून एकेक पायरी उतरत राहिले.